दुरुस्तीचं अंदाजपत्रक

चरई, छाया-किरण, दुसरा मजला.
मी कॉलमवर हातोडी मारते
आणि कान लावते.
धड काँक्रीट ठण्ण बोलतं,
आतून सुटलेलं नुसतं भद् करतं.
नारळवाला नारळ ऐकतो तशा
चोवीस वर्षं मी ठाण्यातल्या इमारती ऐकते आहे.

पावसाळ्याआधी पालिकेची यादी लागते.
हिच्यावर नोटीस चिकटली त्याला नऊ वर्षं झाली,
आणि त्या दिवसापासून इथे
कुणी नळाचं वायसर बदललेलं नाही.
"पडणारच आहे मॅडम, कशाला घालायचे पैसे?"
गच्चीत पिंपळ रुजला, त्याला मुळं फुटू दिली.
गळत्या पाइपाखाली बादली,
ती भरली की दुसरी बादली.
वयाने पडताना मी फार थोड्या पाहिल्या,
बऱ्याचशा नोटिशीनेच.

काल रात्री भाची येऊरला घेऊन गेली.
शाल्मली वटवाघळं पकडते, तोलते, सोडून देते.
जाळीतून अलगद सोडवून
तिने एक माझ्या हातमोज्यात ठेवलं,
काडेपेटीएवढं,
माझ्यावर दात काढून चिडलेलं.
"मावशी, वजन उंदराच्या पिल्लाएवढं.
पण याच्या जातभाईंनी वीस-वीस, तीस-तीस पावसाळे काढलेत.
उंदराला बाहेर एक मिळतो. फार तर दीड."

का गं?

"खाली मांजर आहे," ती म्हणाली.
घुबड, धामण, सापळा, गटाराचा लोंढा.
उद्या उजाडेलच याचा भरवसा नाही,
म्हणून उंदराच्या अंगात
परवाची डागडुजी धरलेलीच नाही,
सगळी रक्कम आजच्या पिल्लांवर.
याला पंख मिळाले.
पंखांनी आधी उद्या आणला,
मग सावकाश, लाखो वर्षांनी,
उद्यापुरतं गवंडीकाम आलं.

म्हटलं, म्हणजे उंदरांनी ठराव केला?
ती हसली. सभा नाही, सेक्रेटरी नाही.
हाडं जपणारा एखादा उंदीर झालाही असेल,
त्यालाही मांजरानेच खाल्लं.
त्याचं जपणं कुणाच्या उपयोगी पडायला
तेवढा वेळच उरला नाही.

आणि मांजर काढून घेतलं तर?

"पिंजऱ्यात ठेव, दाणे घाल, पंखा लाव.
तरी तीन वर्षांच्या आत
पाठीला पोक, अंगात गाठी.
आता मांजर बाहेर नाही, मावशी."

मग वाहनाची वाट बघत
आम्ही दोघी दगडावर बसलो.
उठताना माझा गुडघा वाजला.
ठण्ण नाही.
बावन्न वर्षं कुणी धरली होती याची?
कुठल्या पटकीने, कुठल्या बाळंतपणाने,
याच डोंगरातल्या कुठल्या वाघाने
माझ्या जन्माच्या कितीतरी आधी
इथवरच पैसे मंजूर केले?
पटकी गेली, वाघही गेला.
मंजुरी तेवढीच राहिली.

आज तिसऱ्या मजल्यावर
दिगंबर टिपणीस, वय एक्याऐंशी,
स्टुलावर उभे. हातात पान्हा.
नोटीस नाही वाचली का हो?
"वाचली की. मीच तर
फाटू नये म्हणून प्लास्टिक लावलं तिला.
पण रात्रभर टपटपतो हा, आणि ऐकू मला येतं."

अहवालात यासाठी रकाना नाही.
मी जिन्याखालच्या सात नंबरच्या कॉलमवर हातोडी मारली.
भद्.
तसं लिहिलं, तारीख टाकली.
निघण्याआधी पुन्हा वर जाऊन
त्यांच्या नळाखाली तळहात धरून उभी राहिले,
बराच वेळ.
कोरडा.
"चहा टाकू?" त्यांनी विचारलं,
आणि पातेल्यात पाणी घ्यायला
तोच नळ सोडला.